झिप कोड काय तुमचा?

फेब्रुवारीच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या. २०२४-२५चा हिवाळाभर मुलाकडे, अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या रॉकव्हिलला होते. तिकडे मंत्री व्हायला सिनेट या वरिष्ठ सभागृहाची मंजुरी लागते, म्हणून नवे अध्यक्ष ट्रम्प यांनी निवडलेल्या मंत्र्यांच्या तिथे सुनावण्या झाल्या, त्या टीव्हीसमोर बसून वहीत उतरवून घेतल्या, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच द्यावं लागतंय. बरणीतल्या मुंग्या आणि सुनेची कुरबुर पुढच्या महिन्यात.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी चौतीस वर्षं विधानमंडळ सचिवालयात प्रतिवेदक होते. सभागृहात कोण काय बोललं ते लघुलेखनात टिपायचं आणि मग मजकूर तयार करायचा, हे काम. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण कुणी माईकसमोर बसलं की बोटं अजून शिवशिवतात.

*

*बाई, नोव्हेंबरपासून बातम्यांत एकच, ‘ट्रम्प यांच्या निवडीवर देशभर संताप’. आणि शेवटी एकेक करत सगळे मंत्री झाले. मग लोकांच्या संतापाला किंमत काय? मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?*
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, कोल्हापूर

सगळे नाही झाले बाळा, एक आठच दिवसांत गळाला. त्याच्याकडे येतेच. आधी आमच्या स्वयंपाकघरात ये.

जानेवारीतली सकाळ. पीट हेगसेथ या गृहस्थांना संरक्षणमंत्री करायचं घाटत होतं. माजी सैनिक, नंतर फॉक्स न्यूजवर सूत्रसंचालक. दारू, बायकांशी वागणूक, याआधी सांभाळलेल्या संस्थांचा कारभार, असे बरेच आक्षेप होते. सगळे त्यांनी फेटाळले होते. सून एका हातानं डब्यात पोळी गुंडाळत होती आणि दुसऱ्या हातानं सिनेटरच्या कचेरीला फोन लावत होती. पलीकडे एक कोवळा आवाज. त्यानं नाव विचारलं, मग ‘झिप कोड काय तुमचा?’ (म्हणजे तिकडचा पिनकोड), मग बाजूनं की विरोधात. टिकटिक ऐकू आली, आभार मानले, संपलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. सुनेच्या चेहऱ्यावर मतदान करून आल्याचं समाधान.

मी विचारलं, ‘तुमच्या मेरीलँडचे सिनेटर कुठल्या पक्षाचे गं?’ दोघंही डेमोक्रॅट. म्हणजे ते असेही विरोधातच मत देणार होते. मी म्हटलं, अगं, तू देवळात जाऊन पुजाऱ्याला सांगून आलीस की देव आहे! ती रागावली, पण दुपारी चहाच्या वेळी स्वतःच हसली.

आता हिशेब बघ. सिनेटमध्ये शंभर जण, त्यांत रिपब्लिकन ५३. पूर्वी विरोधकांनी अडवून धरलं तर ६० मतं जमवावी लागायची. २०१३ साली डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत असताना त्यांनीच तो नियम मोडला, कारण तेव्हा ओबामांच्या नेमणुका अडत होत्या. आता साधं बहुमत पुरतं. म्हणजे रिपब्लिकनांतले तीन फुटले तरी ५०-५० होतात आणि उपाध्यक्षांचं मत पारडं फिरवतं. चौथा फुटला तरच माणूस पडतो. २४ जानेवारीच्या रात्री नेमकं हेच झालं. मॅकॉनेल, कॉलिन्स आणि मर्कोव्स्की विरोधात गेले, ५०-५० झाले, उपाध्यक्ष व्हान्स आले, मत टाकलं, हेगसेथ मंत्री झाले. उपाध्यक्षाच्या मतानं मंत्री होण्याची ही इतिहासातली दुसरीच वेळ. पहिली २०१७ची, शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांची. त्या वेळी तर सिनेटच्या फोनलाइनी तुंबल्या होत्या. अलास्कातून हजारो लोकांनी कळवलं म्हणून मर्कोव्स्कींनी विरोधात मत दिलं आणि ते सभागृहात सांगितलंही.

म्हणून ‘देशभर संताप’ हे शब्द मला फसवे वाटतात. देशभराला मत नसतं. कॅलिफोर्नियात लाख माणूस ओरडला तरी कचेरीतला तो मुलगा विरोधाच्या रकान्यात लाख टिकल्या करील, बस्स. कॉलिन्सबाईंच्या मेन राज्यातल्या कोळ्यानं केलेला एक फोन त्याहून जड. ओरडा किती मोठा यापेक्षा तो कुणाच्या ओसरीवर झाला हे आधी बघायचं.

आणि ओरडा दोन्हीकडून होतो. आयोवाच्या सिनेटर जोनी अर्न्स्ट स्वतः लष्करात होत्या, लैंगिक अत्याचारातून गेल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला हेगसेथना हो म्हणायला त्या तयार नव्हत्या. सगळे ‘संताप’वाले त्यांच्याकडे आशेनं बघत होते. पण त्यांच्या राज्यात अध्यक्षांचे समर्थक उठले. जाहिराती झाल्या, पुढच्या निवडणुकीत पक्षातूनच कुणीतरी उभं करू, असं उघड बोललं गेलं. १४ जानेवारीला सुनावणी झाली आणि त्याच संध्याकाळी बाईंनी होकार दिला. हीसुद्धा जनतेची प्रतिक्रियाच की! आपल्या बातमीदारांना ती दिसत नाही, कारण ते वॉशिंग्टनमध्ये उभे असतात.

आता जो गळाला तो. मॅट गेट्झ, कायदामंत्रिपदासाठी. १३ नोव्हेंबरला नाव जाहीर, २१ला माघार. मी पोचून आठवडाही झाला नव्हता, झोपेचं घड्याळ उलटं होतं, पहाटे तीनला उठून टीव्ही लावायची. त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आणि अमली पदार्थांचे आरोप होते. ते त्यांनी नाकारले होते, सरकारी खात्यानं खटला न भरता तपास बंद केला होता, पण ते ज्याचे सदस्य होते त्या प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, नीतिमत्ता समितीचा अहवाल यायचा होता. ते कुणाच्या मोर्चानं पडले नाहीत. वर्षभरापूर्वी त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या सभापतीला, केव्हिन मॅकार्थींना, खुर्चीवरून खाली ओढलं होतं. तेव्हाचे ओरखडे ताजे होते. बंद दाराआड मोजणी झाली, निदान चार बोटं आडवी निघाली. लोकांचा संताप त्या दारापर्यंत पोचला तो निमित्त म्हणून.

मुलाखतीत एवढं सांगितलंस तरी पुष्कळ. आणि ‘अ‍ॅडव्हाइस अँड कन्सेंट’ (सल्ला आणि संमती) हा अमेरिकी राज्यघटनेतला शब्दप्रयोग पाठ कर, दुसऱ्या अनुच्छेदात आहे. ‘अ‍ॅडव्हाइस’ आता नावालाच उरलाय, ‘कन्सेंट’ तेवढा घेतात.

*

*आपण लिहिता त्यावरून हा सगळा आजचाच बाजार दिसतो. आमच्या तरुणपणी अमेरिकेत मोठमोठी माणसं मंत्री होत. आता टीव्हीवरचे लोक आणि अब्जाधीश. काळ बदलला हे खरं ना?*
— निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ, पुणे

काका, आपण तरुण होतो म्हणून माणसं मोठी वाटत.

आयझेनहॉवर १९५३ साली आले तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळाला पत्रकारांनी ‘आठ लक्षाधीश आणि एक प्लंबर’ म्हटलं होतं. प्लंबर म्हणजे कामगारमंत्री मार्टिन डर्किन, नळकामगारांच्या संघटनेचे पुढारी. बिचारे वर्षही टिकले नाहीत. संरक्षणमंत्री झालेले चार्ल्स विल्सन जनरल मोटर्सचे प्रमुख. शेअर विकायला ते तयार नव्हते, सिनेटनं विकायला लावले. देशाच्या भल्यात कंपनीचं भलं आणि कंपनीच्या भल्यात देशाचं, असं ते त्या सुनावणीत म्हणाले, ते आजतागायत त्यांना चिकटलंय.

केनेडींनी १९६१मध्ये सख्ख्या भावाला कायदामंत्री केलं. वय ३५, कोर्टात एक खटला चालवलेला नाही. ओरड झाली तेव्हा केनेडींनी विनोद केला की वकिली सुरू करण्याआधी पोराला थोडा अनुभव मिळालेला बरा. लोक हसले आणि विषय मिटला. पण पुरता मिटला नाही. १९६७मध्ये नातलगांना सरकारी नेमणुका देण्यावर बंदी घालणारा कायदा आला. त्या भावाचा मुलगा आज आरोग्यमंत्री आहे, त्याच्याबद्दल पुढच्या पत्रात.

दारूचं म्हणाल तर १९८९चं उदाहरण हेगसेथच्या वेळी मला सारखं आठवत होतं. थोरल्या बुशनी जॉन टॉवर यांना संरक्षणमंत्री म्हणून निवडलं. सिनेटच्या ज्या समितीपुढे त्यांची सुनावणी झाली, तिचेच ते एकेकाळी अध्यक्ष होते! दारू आणि बायका यांवरून गदारोळ झाला, तेव्हा मंत्री झालो तर थेंबाला शिवणार नाही, असं त्यांनी टीव्हीवर सांगितलं. उपयोग झाला नाही, ४७ विरुद्ध ५३नं पडले. तेव्हा सिनेटमध्ये बहुमत विरोधकांचं होतं. हेगसेथनीही दारू सोडण्याचा तोच शब्द दिला, आणि ते तरले. शपथ तीच होती, काका. बाकांवर बसलेले बदलले.

पण लोकांनी, खऱ्याखुऱ्या लोकांनी, पाडलेला मंत्री बघायचा असेल तर १९९३मध्ये जा. क्लिंटननी झोई बेअर्ड या वकील बाईंना कायदामंत्री करायचं ठरवलं. पहिली स्त्री कायदामंत्री म्हणून कौतुक चाललं होतं. १४ जानेवारीला पेपरात आलं की मूल सांभाळायला आणि गाडी चालवायला त्यांनी पेरूमधलं एक जोडपं ठेवलं होतं, त्यांच्याकडे कागदपत्रं नव्हती आणि त्यांच्यापोटी भरायचा करही भरला नव्हता. नवराबायकोंचं वर्षाचं उत्पन्न पाच लाख डॉलरच्या वर. राजधानीतल्या जाणकारांना वाटलं, किरकोळ आहे, दंड भरलाय, निभावेल. सिनेटर मंडळीही मवाळ होती. आणि फोन सुरू झाले! नोकरी करून मुलं सांभाळणाऱ्या बायका, पाळणाघराची फी भरताना मेटाकुटीला येणाऱ्या बायका. आम्ही कर भरून, रांगेत उभं राहून मुलं वाढवतो, मग हिला सूट कशी? आठ दिवसांत, २२ जानेवारीला, नाव मागे घ्यावं लागलं.

मोठे आरोप माणसं ऐकून सोडून देतात. मोलकरणीचा हिशेब मात्र घराघरात कळतो. गुप्तचर खात्याचा कारभार कुणी घरी चालवत नाही, पाळणाघराची फी सगळे भरतात. बेअर्डबाईंवर थोडा अन्यायही झाला असं माझं मत आहे, कारण तोवर पुरुष मंत्र्यांना मूल कोण सांभाळतं हे कुणी विचारलंच नव्हतं. पण फोन करणाऱ्या बायकांना मी चूक म्हणणार नाही.

*

*माझी मुलगी टेक्सासमध्ये असते, नातू आठ महिन्यांचा आहे. लशींवर संशय घेणारा माणूस आरोग्यमंत्री झालाच कसा? लोक गप्प कसे बसले? मला रात्री झोप लागत नाही.*
— एक आजी, ठाणे

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

लोक गप्प बसले नव्हते. डिसेंबरातच पंचाहत्तरहून अधिक नोबेल विजेत्यांनी सिनेटला पत्र लिहून रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांना विरोध केला. सुनावणीच्या आदल्या दिवशी सख्खी चुलतबहीण कॅरोलाइन केनेडी कॅमेऱ्यासमोर बसली आणि या माणसाच्या हाती हे खातं देऊ नका म्हणाली. घरचं धुणं असं चव्हाट्यावर आणणारं ते घराणं नाही. हवाईचे राज्यपाल जॉश ग्रीन स्वतः डॉक्टर, ते वॉशिंग्टनला येऊन सिनेटरांना भेटत होते, कारण त्यांनी सामोआ पाहिलं होतं.

सामोआची गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. प्रशांत महासागरातलं दोनेक लाख वस्तीचं बेट-राष्ट्र. २०१८मध्ये नर्सेसनी लशीत पाण्याऐवजी चुकून भलतंच औषध मिसळलं आणि दोन बाळं दगावली. लस निर्दोष होती, मिसळण्यात चूक झाली. पण भीती पसरली, लसीकरण काही महिने बंद पडलं, प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास घसरलं. २०१९च्या जूनमध्ये केनेडी तिथे जाऊन आले, लसविरोधी मंडळींना भेटले. त्याच वर्षाअखेर गोवर आला आणि ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. आपल्यामुळे काही झालं नाही, असं केनेडी म्हणतात. ग्रीन त्या वेळी लस घेऊन तिकडे गेले होते.

२९ जानेवारीची सुनावणी बघायला मी रेड लाइन मेट्रोनं गेले होते. मुलगा म्हणाला आई, थंडी आहे, पण मी कधी ऐकलंय? रांग इमारतीबाहेरपर्यंत आली होती. माझ्यापुढे पन्नाशीची एक बाई, टोपीवर ‘अमेरिकेला पुन्हा निरोगी करा’. मला वाटलं आता लशींवर प्रवचन ऐकावं लागणार. पण तिनं पर्समधून रंगीत गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्यावरचे रंगांचे आकडे दाखवले. मुलाला त्यांचा त्रास होतो, वीस वर्षं कुणी ऐकून घेतलं नाही, हा एकटा ऐकतो, म्हणाली. लशी? मुलांना सगळ्या दिल्यात म्हणाली. तेव्हापासून केनेडींचे समर्थक सगळे एकाच माळेचे मणी असं मी म्हणत नाही. तिच्यावर मी रागावू शकले नाही. आत काही शिरायला मिळालं नाही, दोन तास गारठून परत आले आणि उरलेलं घरी बघितलं.

त्या दिवशी बर्नी सँडर्सनी लसविरोधी मजकूर छापलेल्या बाळांच्या झबल्यांची चित्रं मागे लावली होती. केनेडींनीच उभारलेली संस्था ती विकत होती. याला तुमचा पाठिंबा आहे का, असं ते विचारत होते. झबल्यांवर सगळे हसले. मला नाही हसू आलं, चार महिन्यांच्या बाळाला घोषणा घालायची?

पण खरा कस लागला तो दुसऱ्या दिवशी, लुइझियानाच्या बिल कॅसिडींचा. रिपब्लिकन, आणि पेशानं यकृताचे डॉक्टर. त्यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. हेपटायटिस बी-नं यकृत निकामी झालं, हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं, आणि हे सारं पन्नास डॉलरच्या लशींनी टळलं असतं. मला निर्णय अवघड जातोय, असं ते माईकवर म्हणाले. चौतीस वर्षांत मी सभागृहात नाना तऱ्हेचे आवाज टिपले, पण असा अडखळता आवाज क्वचित. ४ फेब्रुवारीला समितीत १४ विरुद्ध १३ असं झालं, आणि ते चौदावं मत त्यांचं. काही आश्वासनं मिळाली म्हणून हो म्हणतो, असं म्हणाले. त्यांच्यापुढेही २०२६ची निवडणूक होती, आणि २०२१च्या महाभियोगात त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध मत दिलेलं त्यांच्या राज्यात कुणी विसरलेलं नव्हतं. त्यांच्या मनात कुठलं पारडं जड झालं ते मी कसं सांगू? तुम्ही-मी अंदाज करायचा.

१३ फेब्रुवारीला सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८. रिपब्लिकनांतून एकटे मिच मॅकॉनेल विरोधात. वय ८३च्या घरात, लहानपणी पोलिओ झालेला, अजून चालताना जाणवतो. आपल्याकडे १९९५पासून रविवारी बूथवर मुलं न्यायची, दोन थेंब आणि करंगळीला शाई, आणि २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचा दाखला मिळाला. त्या म्हाताऱ्याचं ‘नो’ ऐकताना मला ती शाईची करंगळी दिसत होती.

टेक्सासच्या पश्चिम भागात २०२५च्या सुरुवातीला गोवर पसरला आणि फेब्रुवारीअखेर लस न घेतलेलं एक मूल गेलं, हे तुम्ही वाचलंच असेल. म्हणून झोपेचं औषध एकच. मुलीला सांगा, बाळाच्या डॉक्टरांना आजच फोन कर आणि गोवराची लस नेहमीपेक्षा आधी द्यायची का ते विचार. साथीच्या भागात सहा महिन्यांनंतर आधीचा एक डोस देतात. मंत्री कोण आहे यापेक्षा तो फोन महत्त्वाचा.

*

*आपले बेळगावचे श्री ठाणेदार तिकडे खासदार आहेत. त्यांनी या नेमणुकांवर कसं मत दिलं?*
— वाचक, निपाणी

त्यांनी दिलंच नाही, कारण त्यांना ते देता येत नाही. ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेलेत. मंत्र्यांना मंजुरी फक्त सिनेट देतं. तुमच्या विधानसभेच्या आमदाराला विधान परिषदेत मत द्यायला सांगण्यासारखं आहे ते. बोलायला मात्र कुणाला बंदी नाही.

*

*तुलसी गॅबार्ड हिंदू आहेत, काश पटेल यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. टीकाकार त्यांच्यावर तुटून पडले, आपण मराठी माणसांनी तरी अभिमान बाळगायला नको का?*
— व्यावसायिक, वाशी

जरूर बाळगा, मी आड येत नाही. ३० जानेवारीला पटेल यांनी सुनावणीच्या आरंभी आईवडिलांना ‘जय श्रीकृष्ण’ म्हटलं, तेव्हा आमच्याही दिवाणखान्यात सगळे एकदम सरळ बसले. शेजारचे गुजराती काका त्या रात्री पेढे घेऊन आले. पटेल यांना ज्यांनी विरोध केला त्यांच्यापैकी बहुतेकांना गीतेशी देणंघेणं नव्हतं. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा प्रमुख अध्यक्षांच्या विरोधकांचा हिशेब चुकता करायला वापरला जाईल, ही त्यांची भीती होती. ५१ विरुद्ध ४९, दोन रिपब्लिकन बायका विरोधात. (हे पद मंत्रिमंडळातलं नव्हे, पण गदारोळ त्याच रांगेतला.)

गॅबार्ड भारतीय वंशाच्या नाहीत, हे आधी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला कळवा. त्यांचा जन्म अमेरिकन सामोआतला, हिंदू धर्म घरात आईकडून आला. त्या गुप्तचर खात्यांच्या प्रमुख होणार होत्या आणि त्यांना विचारलं गेलं की गुप्त कागद फोडणारा स्नोडेन देशद्रोही होता का. त्यांनी कायदा मोडल्याचं मान्य केलं, पण ‘देशद्रोही’ हा शब्द काही उच्चारला नाही. सिनेटर पुनःपुन्हा विचारत राहिले. मी वहीत समासात रेघा मारत गेले. अभिमानाच्या जागी मला त्या वेळी त्यांच्या चिवटपणाचं कौतुक वाटलं, आणि उत्तराची काळजी.

त्या दिवसाचं आणखी एक. गॅबार्ड, पटेल आणि केनेडी, तिघांच्या सुनावण्या एकाच दिवशी होत्या. वादाचा सगळा दारूगोळा एकत्र. पण आदल्या रात्री पोटोमॅक नदीवर विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर धडकून ६७ माणसं गेली होती. सकाळी किराणा दुकानात, बस थांब्यावर, मुलाच्या ऑफिसात, सगळीकडे नदी एके नदी. आमचं घर सोडलं तर आमच्या इमारतीत फारसं कुणी सुनावणी बघत असेल असं वाटत नाही.

*

*आपल्याकडे मंत्री होण्याआधी अशी जाहीर झाडाझडती का नसते? व्हायलाच हवी.*
— वकील, नाशिक

वकीलसाहेब, शपथविधीच्या आदल्या रात्री आमदार निवासात मी एकदा फाइल द्यायला गेले होते. एका खोलीत नवं जाकीट हँगरला लटकवून साहेब फोनकडे बघत बसले होते. पहाटेपर्यंत तो वाजला नाही. ती झाडाझडतीच होती, फक्त परीक्षक दिसत नव्हते.

आपला मंत्री बहुधा आधीच लोकांमधून निवडून आलेला असतो, कुठल्याच सभागृहात नसला तर सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं. तिकडचा मंत्री कुणी निवडलेला नसतो. उलट खासदाराला मंत्री व्हायचं असेल तर खासदारकी सोडावी लागते. मार्को रुबिओ ९९ विरुद्ध शून्यानं परराष्ट्रमंत्री झाले आणि सिनेटची जागा सोडून गेले. तिकडे मंत्री सभागृहात बसतच नाही, म्हणून आत घेण्याआधी एकदाच काय ते चाळून घेतात. आपल्याकडे तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी आहे, मंत्र्याला उभं राहून रोज उत्तर द्यायची सोय आहे. ती सोय किती वापरली जाते ते मला विचारू नका, मी गोंधळात तहकूब झालेल्या कामकाजाची पानंच्या पानं टिपली आहेत.

संतापाची जातही वेगळी. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली त्या दिवशी माझ्या फोनवर भाच्याचे पंधरा संदेश. आलेल्यांपैकी कोण लायक, कोण नालायक, यावर एकही नाही. सगळे छगन भुजबळांना वगळलं यावर. येवल्यात रस्त्यावर माणसं उतरली ती आपला माणूस राहिला म्हणून. आपण कोण आत गेलं यावर सहसा पेटत नाही, कोण बाहेर राहिलं यावर पेटतो.

सुनावण्या हव्यात का? हव्यात. पण जाहीर सुनावणीत माणूस उघडा पडतोच असं नाही. हेगसेथना टॅमी डकवर्थनी, ज्यांचे दोन्ही पाय इराकमध्ये गेले त्यांनी, विचारलं की आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटात देश किती. त्यांना आकडा सांगता आला नाही, आणि नावं घेतली ती दक्षिण कोरिया, जपान, ऑस्ट्रेलिया. तिघंही त्या गटात नाहीत. आमच्याकडे हे झालं असतं तर दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर फलक घेऊन आमदार उभे राहिले असते. तिकडेही खूप हसले. दहा दिवसांनी ते मंत्री झाले.

*

*आजी, त्या वह्यांचं तुम्ही काय केलं? मला लघुलेखन शिकायचंय.*
— अकरावीतली मुलगी, सोलापूर

तीन वह्या भरल्या, येताना सामानात वजन जास्त झालं तेव्हा लोणच्याची बरणी काढली आणि वह्या ठेवल्या. वाचणारी आता मी एकटीच. बरोबरीच्या मैत्रिणीला दाखवल्या तर तिला माझ्या खुणा लागेनात.

लघुलेखनात सारखी येणारी वाक्यं पूर्ण लिहायची नसतात, त्यांची एकच खूण ठरवायची. तिकडे प्रत्येक उमेदवार दर दोन मिनिटांनी एकच म्हणायचा, मंजूर झालो तर मी त्यात लक्ष घालीन. पहिल्या दिवशी मी त्यासाठी नवी खूण शोधत बसले. मग लक्षात आलं की माझ्याकडे ती आहे. एक आडवी रेघ, शेवटी छोटा आकडा. १९८१ सालापासून मी ती वापरत आलेय, ‘माहिती घेऊन सभागृहाला अवगत करण्यात येईल’ यासाठी.